तोंड दाखवायला जाताना तोंड झाकून

मिरजेत घर असलं की घराची निम्मी धर्मशाळा होते. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, शिराळा, तिकडं कर्नाटकातलं अथणी, कुठनं ना कुठनं कुणीतरी कुणाला तरी घेऊन येतं, ॲडमिट करतं आणि तिसऱ्या दिवशी गावाकडनं फोन येतो, "उद्या आम्ही सहाजण येतोय. काय नाय, नुसतं तोंड दाखवून जातो." डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, मग खासगी हॉस्पिटलं वाढत गेली आणि पेशंट बघायला येणाऱ्यांना चहा पाजण्यात आमच्या घरच्या तीन पिढ्या खपल्या. पेशंट बघायला जाताना आपला आजार त्याच्यापर्यंत कसा नेऊ नये आणि मास्क कसा घालावा, हे चहा देता देता मी त्यांना सांगतो, तेच इथं क्रमानं लिहितोय. पहिल्यांदाच मिरजेला किंवा सांगलीला कुणाला बघायला निघाला असाल, तर तुमच्यासाठी.

मास्कचं नाव काढलं की पाव्हणे म्हणतात, "मला काय होतंय? कोरोनातबी काय झालं नाय." असेलही. पण प्रश्न कॉटवरच्या माणसाचा आहे. तुमचं दोन दिवसांचं पडसं ताजे टाके असलेल्या, शुगर वाढलेल्या, सत्तरीतल्या माणसाच्या छातीत उतरलं तर त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो.

हे मी आत्याच्या वेळी शिकलो. तिची बायपास झालेली. आयसीयूतनं खोलीत आणून दोन दिवस झाले होते. माझा घसा सकाळपासून जरा खवखवत होता, पण हळद-मीठ घालून गुळण्या केल्या आणि गेलो. मास्क होता. आत्याला कमी ऐकू येतं. मी काहीतरी विचारलं, ती म्हणाली, "काय म्हणतोस?" दुसऱ्यांदा विचारलं, तरी तेच. मग मी मास्क हनुवटीवर ओढला, तिच्या तोंडाजवळ वाकलो आणि चांगल्या पाच मिनिटं गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी मला ताप आला. चौथ्या दिवशी आत्याला खोकला. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं शिवलेलं असतं, त्यावर खोकला म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळत नाही. सिस्टरनी तिला एक छोटी उशी दिली होती; खोकला आला की ती दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरायची आणि मगच खोकायचं. प्रत्येक उबळीला ती उशी आवळायची, डोळे मिटायची आणि कपाळावर घाम यायचा. माझ्यामुळं झालं असं कुणी म्हणालं नाही. आत्या तर नाहीच. पण ती उशी माझ्या डोक्यातनं जात नाही.

आदल्या रात्री : आपण जाण्यासारखे आहोत का?

पिशवी भरायच्या आधी स्वतःकडं बघा. घसा धरलाय, नाक वाहतंय, खोकला आहे, अंगात कसकस आहे, तर उद्याचं जाणं रद्द. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढं पाच-सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे "आता उतार पडलाय" म्हणून निघणाऱ्यातले बरेचजण अजून आजार वाटतच असतात. ताप असेल तर तो औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास गेलेला पाहिजे, आणि खोकलाही ओसरलेला. "औषधाशिवाय" हा शब्द महत्त्वाचा, कारण पॅरासिटामॉलची गोळी टाकून एसटीत बसणारे पाव्हणे मी पाहिलेत. ताप तात्पुरता उतरतो, विषाणू आहे तिथंच असतो.

जुलाब-उलट्या झाल्या असतील तर थांबल्यावर आणखी दोन दिवस जाऊ नका. डोळे आले असतील तर नको. कांजिण्या निघाल्या असतील तर सगळ्या खपल्या धरेपर्यंत नको. गोवराचं तर विचारूच नका : पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत तो पसरतो, आणि गोवराचा विषाणू माणूस खोलीतनं निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. घरात लहान पोराला गोवर-कांजिण्या असतील आणि तुम्ही ठणठणीत असाल, तरी आधी फोन करून विचारा.

नागीण झालेल्यांनीही घरीच राहावं. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातनं समोरच्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि कॅन्सरची केमो चालू असलेल्या माणसाला झालेल्या कांजिण्या म्हणजे पोराटोरांच्या कांजिण्या नव्हेत.

लहान मुलं नेऊ नका. बरीच हॉस्पिटलं तशीही सोडत नाहीत, आणि मग एकाला पोरं घेऊन गेटबाहेर नारळवाल्याजवळ तासभर उभं राहावं लागतं. पोटुशी बाई, स्वतः डायलिसिसवर असलेला माणूस, नुकतंच ऑपरेशन झालेले आजोबा, यांनाही "तुमचा मान म्हणून" ओढून आणू नका.

फोन, आणि माणसं मोजणं

पेशंटला फोन करू नका. त्याच्यापाशी जो थांबलाय त्याला करा. तीन गोष्टी विचारा : भेटायची वेळ काय, आत किती जणांना सोडतात, आणि पेशंट कुठल्या वॉर्डात आहे. जनरल वॉर्ड, आयसीयू, बाळंतपणाचा वॉर्ड, टीबीचा वॉर्ड, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. पुढं सांगतो.

वडाप, म्हणजे शेअरची जीप, भरून यायची आपल्याकडं पद्धत आहे आणि त्यात प्रेमच असतं हे मला मान्य आहे. पण आत एका वेळी एक, फार तर दोघं. बाकीचे खाली. आळीपाळीनं सहाजण गेले तरी कॉटवरच्या माणसाला सहाच भेटी होतात, हेही लक्षात घ्या. सहा वेळा तीच कथा सांगायची, सहा वेळा "आता बरं वाटतंय" म्हणायचं. गावातनं दोघांनी यावं आणि बाकीच्यांचं निरोप-पैसे घेऊन यावं, हे सगळ्यात बरं. उरलेल्यांना संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून द्या. त्यात तोंडही उघडं दिसतं.

पिशवीत काय

माणशी दोन मास्क, एक घालायला, एक ओला झाला तर. सॅनिटायझरची छोटी बाटली. तिच्यावर अल्कोहोलचं प्रमाण बघा, साठ टक्क्यांच्या खाली असेल तर ते नुसतं वासाचं पाणी. स्वतःची पाण्याची बाटली, म्हणजे पेशंटच्या तांब्यातलं पाणी तोंड लावून प्यायची वेळ येत नाही. रुमाल.

फुलं नकोत. फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात, म्हणून आयसीयूत आणि केमोच्या पेशंटजवळ ती ठेवू देत नाहीत.

आणि शहाळं. दवाखाना म्हटलं की शहाळं, हे समीकरण आपल्या हाडात गेलंय. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी खराब झालेल्या, डायलिसिसवरच्या माणसाला ते बाहेर टाकता येत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. केळ्याचंही तेच. हा काही संसर्गाचा विषय नाही, पण तुमच्या पिशवीतनं आजार जाऊ नये एवढंच जर ठरवलंय तर हेही त्यातच आलं. काय चालतं ते फोनवर विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर थांबणाऱ्या माणसासाठी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगाचा पुडा आणा. तीन दिवस कँटीनचं खाऊन त्याचं तोंड विटलेलं असतं आणि त्याची आठवण कुणालाच होत नाही.

मास्क : कुठला, कसा

पदर म्हणजे मास्क नव्हे. मफलर, टॉवेल, स्टोल यांपैकीही काही नव्हे. पदराआडनं खोकलं की थुंकीचे मोठे थेंब थोडे अडतात, बारीक कण सुताच्या जाळीतनं आरामात जातात. शिवाय तोच पदर घाम पुसतो, एसटीचा दांडा धरतो आणि पेशंटचं तोंडही पुसतो.

साध्या वॉर्डात साधा तीन पदरी सर्जिकल मास्क पुरतो. कुठल्याही मेडिकलमध्ये सुटा मिळतो. टीबीचा वॉर्ड असेल, किंवा तुम्ही स्वतः साखरेचे, दम्याचे, वय झालेले असाल, तर एन-९५. व्यवस्थित बसला तर हवेतले ०.३ मायक्रॉनचे कणही तो निदान ९५ टक्के अडवतो. 'व्यवस्थित बसला तर' यातच सगळी गोम आहे. घेताना पाकिटावर आयएसआयची खूण आणि आयएस ९४७३ हा आकडा दिसतो का बघा. कानाला अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागनं जाणारे दोन पट्टे असलेला जास्त घट्ट बसतो. पुढं प्लास्टिकची गोल टिकली, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला घेऊ नका. त्यातनं तुमचा उच्छ्वास न गाळता सरळ बाहेर पडतो; जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून त्याबद्दल बजावलं होतं. तो मास्क रंगाऱ्याला आणि धुळीत काम करणाऱ्याला ठीक.

घालायचा असा. आधी हात स्वच्छ. सर्जिकल मास्कची रंगीत बाजू बाहेर, तार असलेली कड वर, आणि घड्यांची तोंडं खाली. दोऱ्या कानांवर अडकवा, खालची कड ओढून हनुवटीच्या खाली न्या, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती तार नाकाच्या दांड्यावर दाबत गालांपर्यंत आणा. एका हाताच्या चिमटीनं दाबली तर मध्ये टोक येतं आणि दोन्हीकडनं हवा जाते. चष्मेवाल्यांना यात एक फुकटची परीक्षा आहे : काच धूसर झाली तर हवा वरनं निसटतेय, तार पुन्हा दाबा. एन-९५ असेल तर दोन्ही ओंजळी त्याच्याभोवती धरून जोरात श्वास सोडा. गालाला किंवा डोळ्याला वारा लागला तर बसला नाही. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. आमच्या एका मामांनी टीबीच्या वॉर्डात मुलाजवळ थांबायचं म्हणून पस्तीस वर्षांची दाढी उतरवली, आणि मुलानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओळखलंच नाही.

एकदा घातला की पुढच्या बाजूला हात नाही. फोन आला म्हणून खाली ओढायचा नाही, फोनवर मास्कमधनं ऐकू जातं. नाक बाहेर काढून घातलेला मास्क म्हणजे डोक्यावर न घालता आरशाला अडकवलेलं हेल्मेट. ओला झाला, फाटला, मळला की बदला. काढताना कानाच्या दोऱ्या धरून काढा, वळून घ्या, टाका, हात धुवा.

तंबाखूचं बोलायला हवं. चिमूट ओठाखाली धरलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क दहा मिनिटंही टिकत नाही, कारण दर थोड्या वेळानं त्याला कोपरा शोधावा लागतो. जिन्याच्या वळणावरचे लाल कोपरे त्यांचेच. टीबी असलेल्या माणसाच्या थुंकीत जंतू असतात हे तरी लक्षात ठेवा. आत जायच्या आधी चूळ भरा, आणि तासभर तसेच राहा.

बसमध्ये, रिक्षात घातलेला मास्क घेऊन वॉर्डात जाऊ नका. गेटवर नवा घाला. दुसरा मास्क त्यासाठीही.

हात

मास्कवर एवढं बोललं जातं की हातांची गोष्ट मागं पडते, आणि वॉर्डात पसरणाऱ्या निम्म्या भानगडी हातांनीच पसरतात असं मला एका जुन्या सिस्टरनी सांगितलं होतं. निम्म्या की पाऊण हे त्या मोजत बसल्या नव्हत्या. वॉर्डात शिरताना आणि निघताना, दोन्ही वेळा. पेशंटला हात लावायच्या आधी, लावल्यानंतर. सॅनिटायझर नखांत, अंगठ्याभोवती, बोटांच्या बेचक्यांत जाईल एवढा घ्या आणि वाळेपर्यंत चोळा. वीस-तीस सेकंद लागतात. हात डोळ्यांना दिसेल असे मळले असतील तर साबण-पाणीच. पेशंटला जुलाब होत असतील तरीही साबण-पाणीच, कारण जुलाबाचे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत. मोबाइल हात धुतल्यावर पुन्हा हातात घेतला की हात पुन्हा होता तसा. खिशात ठेवा.

कॉटपाशी

कॉटवर बसू नका. स्टूल असेल तर स्टुलावर, नसेल तर उभं राहा. उभा माणूस लवकर निघतो हा आणखी एक फायदा. शेजारच्या रिकाम्या कॉटवर तर अजिबात नाही, ती पुढच्या पेशंटसाठी पुसून ठेवलेली असते. सलाईनची नळी, लघवीची पिशवी, ड्रेसिंग, यांना हात लावू नका. सलाईन संपत आली असेल तर सिस्टरला हाक मारा, स्वतः चाकी फिरवू नका.

पाया पडणं राहू द्या. पुतणे-भाचे येतात, पायांना हात लावतात, म्हातारी आपला हात त्यांच्या डोक्यावर ठेवते, मग गालावरनं फिरवून कडाकडा बोटं मोडते. लांबनं हात जोडले तर ती रागावत नाही. मी विचारून बघितलंय.

औदुंबरचं तीर्थ, अंगारा, कुठल्या तरी देवाचा प्रसाद, हे सगळं श्रद्धेनं येतं आणि ते परत न्या असं मी कुणाला म्हणत नाही. फक्त तोंडात काही घालू नका. ऑपरेशनच्या आधी-नंतर पेशंटला काहीही द्यायचं नसतं, कुणाच्या नाकात नळी असते, कुणाला गिळताना ठसका लागतो आणि ते पाणी फुप्फुसात जातं. अंगाऱ्याची पुडी थांबणाऱ्या माणसाकडं द्या. तो सिस्टरला विचारून काय करायचं ते करील.

ऐकू कमी येणाऱ्यांची अडचण खरी आहे. मी तिथंच चुकलो. मास्क न काढता करण्यासारखं बरंच आहे. आधी पेशंटला श्रवणयंत्र असेल तर ते लावलंय का बघा, पुष्कळदा ते उशीखाली सापडतं. समोर उजेडात उभं राहा. ओरडू नका, सावकाश आणि छोटी वाक्यं बोला. तरी नाही कळलं तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. आता आत्याकडं जाताना मी पोराची पाटी घेऊन जातो. तिला फार आवडते. परवा तिनंच माझ्याकडनं खडू घेऊन लिहिलं, "चहा घेतलास का?"

दहा मिनिटं पुरेत. वॉर्डात डबा उघडून जेवायला बसू नका. जेवायचं म्हणजे सगळ्यांचे मास्क खाली. थांबणाऱ्याला बाहेर जेवायला पाठवा, तोवर तुम्ही बसा. यापेक्षा कामाची भेट दुसरी नाही. निघताना शहाळ्याची कवटी, केळ्याच्या साली पिवळ्या किंवा लाल पिशवीच्या डब्यात टाकू नका. पिवळ्यातलं रक्ताचं, ड्रेसिंगचं सामान जाळायला जातं, लाल पिशवी नळ्या-सलाईनच्या प्लास्टिकची असते. तुमच्या कचऱ्याचा डबा वेगळा असतो. नसेल दिसत तर मावशींना विचारा.

काही वॉर्ड वेगळे

टीबी. आपल्याकडं टीबी झाला की पहिल्यांदा ताट-वाटी वेगळी करतात आणि वारं लागू नये म्हणून खिडकी बंद करतात. नेमकं उलटं. टीबी ताटातनं पसरत नाही, पांघरुणातनं पसरत नाही. तो खोकल्यातनं हवेत जातो आणि बंद खोलीत साचतो. वानलेसवाडीला पूर्वी क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं, गावाबाहेर, मोकळ्या हवेत. औषधं नव्हती तेव्हा हवा आणि ऊन हाच इलाज होता. तेव्हा खिडक्या उघडा. खोकणाऱ्या पेशंटनं सर्जिकल मास्क घालायचा, भेटणाऱ्यानं एन-९५. पंखा असा की वारा तुमच्याकडनं पेशंटकडं आणि खिडकीतनं बाहेर जाईल. योग्य औषधं सुरू झाल्यावर साध्या टीबीतला पसरण्याचा धोका बहुतेक वेळा काही आठवड्यांत खूप कमी होतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि तुम्हाला स्वतःला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर पेशंट बघून झाल्यावर त्याच इमारतीत स्वतःची थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

बाळंतपण. बाळाचा मुका घेऊ नका, कुणीही, आजीनंही. ओठावर ताप फुटतो ते बारीक फोड मोठ्या माणसाला चार दिवसांचा त्रास, पण त्यातला विषाणू नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. तुमचा साधा खोकला बाळाच्या छातीला झेपत नाही. जुन्या बायका दहा दिवस सोयर पाळायच्या आणि बाळ-बाळंतिणीला बाहेरच्यांची शिवाशिव होऊ द्यायच्या नाहीत. त्यामागचं कारण मला पटत नाही, पण बाळ तेवढे दिवस गर्दीपासून वाचायचं हे खरं. सरळ बारशाला जा.

केमो. डोस दिल्यानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. नेमक्या त्याच दिवसांत पेशंट घरी आलेला असतो आणि "आता घरीच आहे की" म्हणून भेटायला रांग लागते. घरी भेटतानाही मास्क हवा, आणि शक्यतो त्या आठवड्यात जाऊच नये.

आयसीयूचं फार सांगायला नको, तिथले लोकच सांगतात. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत, अंगठ्या-बांगड्या काढून. ते सांगतील तेवढं करा आणि "आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत" हे वाक्य गेटवर वापरू नका.

रात्री थांबणाऱ्यासाठी

थांबणारा एकच माणूस नको. दोघं ठरवा आणि पाळी लावा, कारण एकाला सर्दी झाली की दुसरा तयार पाहिजे. कॉटखाली किंवा व्हरांड्यात अंथरलेली चटई आणि चादर रोजच्या रोज घरी पाठवून धुवा. पेशंटचा टॉवेल वेगळा, तुमचा वेगळा. पावसाळ्यात, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये आपल्याकडं फ्लू वाढतो. घरात वारंवार ॲडमिट होणारं माणूस असेल तर थांबणाऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. लस घेतल्यावर अंगात जोर यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे ॲडमिट केल्या दिवशी घेऊन उपयोग नाही.

येणाऱ्याला नको कसं म्हणायचं

हे सगळ्यात अवघड. मास्क घालणं सोपं आहे. दाजींना "येऊ नका" म्हणणं अवघड. न आलेला माणूस आपल्याकडं वर्षानुवर्षं लक्षात राहतो. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा कोण कोण आलं नाही" याची यादी प्रत्येक घरात तोंडपाठ असते. त्यामुळं लोक ताप अंगात घेऊन येतात आणि घरचे तोंड दाबून चहा करतात.

काही वाक्यं मी वापरून बघितलीत. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे सगळ्यात चांगलं; राग डॉक्टरवर जातो आणि डॉक्टरला त्याची सवय असते. "आत सोडत नाहीत, तुम्हाला उन्हात उभं राहावं लागंल" हेही चालतं. पण मुख्य म्हणजे नको म्हणताना काहीतरी काम द्या. रिकाम्या हातानं नको म्हटलं तर अपमान होतो. "आक्का, तुम्ही येऊ नका, पण तात्यांच्या जनावरांचं तेवढं बघा." "मामा, आठ दिवसांनी डिस्चार्ज आहे, तेव्हा गाडी घेऊन तुम्हीच या." गेल्या गळीत हंगामात एकजण ॲडमिट होता, त्याच्या सहा भावकीतल्यांना आम्ही दवाखान्यात येऊ दिलं नाही, पण त्यांनी मिळून त्याचा ऊस कारखान्याला घातला. ती भेट त्यांच्यात अजून बोलली जाते.

दारात पोचलेल्या खोकणाऱ्या माणसाला कसं थांबवायचं? त्याच्या हातात नवा मास्क द्या, बाहेरच्या बाकावर बसवा, चहा द्या आणि पेशंटला व्हिडिओ कॉल लावा. हे सगळं बोलत बोलत, त्याला विचार करायला वेळ न देता. रागावला तर रागावला.

परत आल्यावर

मास्क गेटबाहेर पडल्यावर काढा, झाकणाच्या डब्यात टाका. घरी आल्यावर हात-पाय धुवा, कपडे बदला. अंघोळ करायची आपल्याकडं रीत आहेच. डब्याची भांडी कढत पाण्यानं धुवा. मोबाइल पुसा.

आणि पुढचे तीन-चार दिवस स्वतःकडं लक्ष ठेवा. ताप आला, घसा धरला, तर हळदीचं दूध घेऊन गप्प झोपू नका. पेशंटपाशी जो थांबलाय त्याला फोन करा आणि सांगा, "परवा मी येऊन गेलो, आज मला ताप आहे. आत्याला खोकला आला तर डॉक्टरांना हे सांग." मी हा फोन तेव्हा केला नव्हता. केला असता तर खोकल्याचं औषध दोन दिवस आधी सुरू झालं असतं.